उघड्या डोळ्यांची नोंद

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी मला शूरवीर ठरवायला नको. अंधाऱ्या जिन्याला मी भिते, भटक्या कुत्र्याला भिते, दारावरची बेल लागोपाठ दोनदा वाजली तरी भिते. नगरपालिकेत बावीस वर्षं मी सभेची लघुलेखिका होते. अध्यक्षांच्या शेजारच्या छोट्या टेबलाशी बसून तिथे बोललेला शब्द न् शब्द उतरवला आणि स्वतः एकदाही तोंड उघडलं नाही. लोक याला शहाणपण म्हणत. ती निव्वळ भीती होती.

पण मला राग येतो. भित्र्या माणसाला राग येऊ नये अशी काहीतरी सोय देवाने करून ठेवायला हवी होती.

आमची सभा प्रार्थनेने सुरू व्हायची. धर्मगुरू यायचे, सगळे उभे राहायचे, डोळे मिटायचे, आणि पाच-सात मिनिटांनी कामाला सुरुवात व्हायची. प्रार्थनेवर माझा राग नव्हता. मी स्वतः श्रद्धाळू आहे. दर आठवड्याला प्रार्थनाघरात जाते, सगळ्यांबरोबर गाते, आणि बेसूर गाते. राग होता तो उपाध्यक्षांवर. सभागृहाच्या मागच्या बाकांवर कामं घेऊन आलेली माणसं बसलेली असत. कुणाला नळजोडणी हवी असे, कुणाला दुकानाचा परवाना, कुणाला घरावर मजला चढवायचा असे. प्रार्थनेला त्यातले बहुतेक उभे राहत, काही राहत नसत. कुणाचा धर्म वेगळा असे, कुणाला धर्मच नसे, एखादीचे गुडघे धरलेले असत. सगळ्यांचे डोळे मिटले की उपाध्यक्ष आपला डावा डोळा हळूच उघडायचे, बाकांवरून नजर फिरवायचे आणि समोरच्या विषयपत्रिकेवर पेन्सिलीने बारीकशी टिंबं द्यायचे. जो बसून राहिला त्याच्या विषयावर टिंब. टिंब पडलेला विषय त्या दिवशी तहकूब, पुढच्या सभेत पुन्हा तहकूब. दोन वर्षांत अशी अकरा माणसं मी पाहिली. त्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा परवाना पाच वेळा तहकूब झाला. सहाव्या वेळी ती प्रार्थनेला उभी राहिली. त्याच दिवशी तिला परवाना मिळाला, आणि कागद घेऊन जाताना तिने कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. ते मला सहन झालं नाही.

मला हे सगळं दिसायचं, कारण मी कामावर असायचे. ज्या जुन्या लघुलेखकांनी मला हाताखाली घेतलं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खुर्चीत अध्यक्ष आहेत तोवर पेन थांबवायचं नाही. मग ते बोलोत, खोकोत, नाहीतर देवाचं नाव घेवोत. म्हणून प्रार्थना किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली, मध्ये कोण आलं, कोण गेलं, हे मी लिहीत राहायचे. उभी राहत नव्हते, कारण उभ्याने शॉर्टहँड लिहिता येत नाही. याबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही. टेबलाला कुणी विचारतं का, तू का उभं राहिलं नाहीस म्हणून?

तर मी बसने तीन तासांवरच्या शहरात गेले आणि एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. घटनेप्रमाणे सरकारला धर्म नसतो आणि नगरपालिका हे सरकारच, असं त्यांनी मला लहान मुलीला समजावावं तसं समजावलं. मग म्हणाल्या, "याचिका उभी राहील. तुम्ही राहाल का?"

"माझं नाव येणार असेल तर नाही," मी म्हटलं.

नाव यायला मी का भीत होते, तेही सांगते. आमच्या गावात चार वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या दारावर एक धर्मवचन कोरलं गेलं. तिथल्या ग्रंथपालबाईंनी त्यावर एक साधं पत्र लिहिलं, सरकारी इमारतीवर हे नको म्हणून. पत्राखाली सही केली. महिनाभरात त्यांच्या खिडकीची एकही काच शिल्लक राहिली नाही. दुधवाल्याने दूध बंद केलं. एका सकाळी त्यांच्या पत्रपेटीत मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्या सकाळी त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना भर रस्त्यात कुणीतरी ढकललं. पोलिसांनी वहीत लिहून घेतलं. त्या गाव सोडून गेल्या तेव्हा सामानाच्या गाडीला हात लावायलाही कुणी आलं नाही, आणि मीसुद्धा पडद्याआडून बघत उभी होते. माझा नवरा सुतार आहे. प्रार्थनाघराची आणि तिथे येणाऱ्या निम्म्या गावाची दारं-कपाटं तोच करतो. घरात सासूबाई आहेत, त्या ऐंशीच्या आहेत. आम्ही कुठे जाणार होतो?

न्यायालयाने माझं नाव झाकायला परवानगी दिली. कागदोपत्री मी 'क्ष' झाले. नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नाही. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात तीळ भिजत नाही. वकीलबाईंनी मला सतरा वेळा बजावलं होतं, मजकुरात असं काहीही नको की ज्यावरून तुम्ही ओळखल्या जाल. मी प्रत्येक ओळ चाळणीतून काढली. बाई असल्याचं काढलं, नोकरी काढली, गावात किती वर्षं आहे ते काढलं, माझे आवडते शब्दसुद्धा काढले. शेवटी मजकूर इतका कोरडा झाला की मलाच तो परक्याचा वाटू लागला. मी निर्धास्त झाले.

याचिकेची प्रत नगरपालिकेला मिळाली त्या सोमवारी खास सभा लागली. सभागृह भरलेलं होतं. अध्यक्ष तसे सज्जन गृहस्थ, त्यांना भांडण नको असायचं. त्यांनी कागद उपाध्यक्षांकडे सरकवले आणि उपाध्यक्षांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. माझंच वाक्य त्यांच्या तोंडून यायचं आणि मी ते पुन्हा उतरवायचे. माझा हात नेहमीसारखा चालत होता.

मग ते वाक्य आलं. "मार्च महिन्याच्या दुसऱ्या सभेत प्रार्थना चालू असताना उपाध्यक्षांनी एक डोळा उघडून बाकांवर बसून राहिलेल्या तीन व्यक्तींकडे पाहिले व विषयपत्रिकेवर खुणा केल्या."

उपाध्यक्ष थांबले. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, या खेपेला सावकाश.

"हे साफ खोटं आहे," ते म्हणाले. "माझा डोळा उघडलाच नव्हता. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ज्याने हे लिहिलं त्याचे डोळे उघडे होते."

जे घडलंच नाही ते बघायला डोळे उघडे कशाला लागतात, हे विचारावंसं कुणालाच वाटलं नाही. मला वाटलं, पण माझं धाबं दणाणलं होतं. सगळं सगळं गाळलं होतं मी, आणि हे गाळायचं सुचलंच नव्हतं. सभेतल्या प्रार्थनेतही डोळे मिटायचे असतात, हेच मी बावीस वर्षांत विसरून गेले होते. इतरांच्या लेखी ती सहा मिनिटं म्हणजे काळोख होता. त्या काळोखात काय घडलं ते मी तारीखवार लिहून न्यायालयात दिलं होतं.

"बाकांवरची माणसं दर सभेला बदलतात. प्रत्येक प्रार्थनेत डोळे कुणाचे उघडे असतात?" उपाध्यक्षांनी सभागृहाला विचारलं.

मी मान खाली घातली आणि तो प्रश्न लिहिला. आता सगळ्या माना माझ्याकडे वळणार याची वाट बघत राहिले. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खाकरलं. मी डोळे वर केले तेव्हा माना वळलेल्या होत्या, पण माझ्याकडे नाही. सगळे दाराकडे बघत होते.

दारात मामा उभे होते. मामा म्हणजे सभागृहाचे शिपाई. प्रार्थना चालू असताना कुणी आत येऊन व्यत्यय आणू नये म्हणून ते दाराशी उभे राहायचे. सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. त्यांचा धर्म वेगळा. त्यांच्या धर्माची गावात सात-आठ घरं असतील. निवृत्तीला त्यांना दोन महिने उरले होते.

"मामा," उपाध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही डोळे मिटत नाही, नाही का?"

मामा दाराची कडी नुसती धरून राहिले. अध्यक्षांनी चौकशी गुरुवारी ठेवली.

संध्याकाळी घरी आले तर बातमी माझ्याआधी पोचली होती. नवरा कामाची हत्यारं पुसत बसला होता. "अगं, सापडला की क्ष! तुमचा शिपाई. तू रोज त्याच्यासमोर बसतेस आणि तुला पत्ता नाही?"

"त्यांनी केलं असेल कशावरून?"

"मग कुणी? डोळे उघडे कुणाचे होते, एवढंच बघायचं."

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, पण हवं ते बरोबर ऐकू येतं. "हात झडोत मेल्याचे, ज्याने लिहिलं त्याचे," त्या म्हणाल्या. मी हात पदराखाली घेतले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं मनात आलं. आणि खरं सांगते, लाज वाटते पण सांगते, त्याच्याआधी मनात आलं होतं की सुटले.

मंगळवारी मामांच्या घराच्या दोन काचा फुटल्या. बुधवारी मी जुन्या दप्तरांच्या खोलीत फाइल काढायला गेले तर मामा शिडीवर बसले होते. मी आत येताच ते खाली उतरले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही लिहिता ते मला दिसतं. दारात उभा राहून दुसरं काय बघणार मी? सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि आपण दोघं जागे. किती वर्षं झाली."

मी दप्तरांच्या मांडणीला टेकले.

"मी सांगणार नाही. तुम्ही केलंत ते मला आवडलं, आता खोटं कशाला बोलू. पण घरी लेक आहे, तिचे दिवस भरत आलेत, आणि ती काचांच्या आवाजाने दचकून उठते. मला यातून सुटायला पाहिजे. उद्या मी काय बोलू? मला बोलता येत नाही. तुम्ही शब्दांतल्या. तुम्ही सांगा."

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, मामा, तुम्ही काहीच बोलू नका, मी बोलते. पण मी काय केलं? पेन काढलं. कागदावर चार ओळी लिहून दिल्या. माझा धर्म वेगळा असला तरी मी प्रार्थनेचा मान राखतो. मी डोळे मिटून उभा राहतो. मला काहीही दिसलेलं नाही. बावीस वर्षांत माझ्या हातून खोटं असं एक अक्षर गेलं नव्हतं, आणि गेलं ते दुसऱ्याच्या तोंडी घालायला. मामांनी कागदाची घडी खिशात ठेवली आणि माझे आभार मानले.

दुपारी मी बाहेरच्या फोनवरून वकीलबाईंना गाठलं. त्यांनी आधी काचांचं विचारलं. मग म्हणाल्या, "तुमचं नाव मी सांगणार नाही आणि न्यायालयही सांगणार नाही. ते तुमच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. सांगितलंत तरी याचिका चालेल. पण तुमच्या दाराशी पहारा ठेवणं माझ्या हातात नाही."

"मग मी काय करू?"

"हे मला विचारू नका," त्या म्हणाल्या. मला त्यांचाही राग आला.

गुरुवारची चौकशी सकाळी अकराला होती. त्या दिवशीही आधी प्रार्थना झाली. मामा दारात घट्ट डोळे मिटून उभे होते, पापण्या थरथरत होत्या. मी वेळ लिहिली: सुरू, अकरा वाजून दोन मिनिटे, समाप्त, अकरा वाजून आठ. मग मामांना पुढे बोलावलं. त्यांनी टोपी हातात घेतली आणि मी लिहिलेल्या चार ओळी पाठ म्हणाव्यात तशा म्हटल्या. कुठे थांबायचं हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे सगळं एका दमात झालं.

मागून एक सदस्य उठले. त्यांची लाकडाची वखार आहे, माझा नवरा त्यांच्याकडूनच माल आणतो. माणूस वाईट नाही, फक्त भोचक. "मामा, असं कसं म्हणता?" ते म्हणाले. "मार्चमध्ये मला उशीर झाला तेव्हा तुम्हीच नाही का हात आडवा घातलात? चांगले टकाटका बघत होतात माझ्याकडे. मी नंतर भांडलो पण होतो, हजेरी उशिराची लावू नका म्हणून."

"कुठल्या सभेत?" उपाध्यक्षांनी विचारलं.

"मार्चच्याच. दुसऱ्या."

"नोंद असेल. बाई, त्या सभेचं इतिवृत्त काढा आणि वाचा."

मी कपाटातून ते जाडजूड पुस्तक काढलं. पान उघडायच्या आधीच मला तिथलं वाक्य आठवलं. कुठलंही वाक्य मला असं आठवतं, ही माझी जुनी व्याधी आहे. मामांना खोटं लिहून देताना मात्र नेमकं ते आठवलं नव्हतं. उशिरा आलेल्या सदस्याची वेळ इतिवृत्तात घ्यावी लागते, म्हणून मी ती घेतली होती. नीटनेटकी, माझ्या पद्धतीने. खाली अध्यक्षांची सही होती, इतिवृत्त वाचून कायम केल्याची.

मला पान चुकवता आलं असतं. नोंद नाही म्हणता आलं असतं. पुस्तक माझ्या हातात होतं आणि त्यांच्यापैकी कुणीही ते उठून बघायला आलं नसतं. पण वाचा म्हटलं की मी वाचते. जित्याची खोड, दुसरं काय.

"प्रार्थना सुरू असताना सहाव्या मिनिटाला," मी वाचलं, "वखारवाले सदस्य सभागृहाच्या दाराशी आले. शिपायाने उजवा हात आडवा करून त्यांना थांबवले. सदस्यांनी घड्याळ दाखवले. शिपायाने मान हलवली. प्रार्थना संपल्यावर सदस्य आत आले."

वाचून झालं आणि मी पुस्तकातच बघत राहिले. आता कळणार. आता एखादा तरी उठणार आणि विचारणार की हात आडवा झालेला, घड्याळ दाखवलेलं, मान हलवलेली, हे सगळं लिहिलं कुणी? प्रार्थनेच्या सहाव्या मिनिटाला बघत कोण होतं? त्या पानावर माझं नाव नव्हतं एवढंच, बाकी तो माझा कबुलीजबाबच होता. मी मनात आकडे मोजायला लागले. वीसपर्यंत मोजले.

"झालं तर मग," उपाध्यक्ष म्हणाले. "डोळे उघडे होते, हे सिद्ध झालं. वर सभेसमोर खोटं बोलले."

कुणालाही कळलं नव्हतं. मी त्यांच्या मधोमध बसून, त्यांच्या देखत, स्वतःचा पुरावा स्वतःच वाचून दाखवला होता आणि त्यांना मी दिसले नव्हते. मला हायसं वाटलं. आता मी कायमची सुरक्षित होते. उद्या न्यायालयात निकाल काहीही लागो, क्ष कोण, हे गावाने ठरवून टाकलं होतं.

मामा तिथेच उभे होते. टोपी दोन्ही हातांत. त्यांना कळलं होतं की त्यांना बुडवलं ते माझ्या चार ओळींनी आणि माझ्या नोंदीने, दोन्हींनी मिळून. मी त्यांच्या नजरेची वाट बघत होते. त्यांनी एकदा जरी माझ्याकडे पाहिलं असतं, चिडून, विनवून, कसंही, तर मी बहुतेक नजर चुकवली असती आणि गप्प बसले असते. माझा स्वभाव मला माहीत आहे. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. भिंतीकडे बघत होते, छताकडे बघत होते, माझी बाजू सोडून सगळीकडे. आपली नजर जिकडे जाईल तिकडे बाकीच्यांची जाईल, म्हणून त्यांनी ती सांभाळून धरली होती.

"लिहा बाई," उपाध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी ठराव सांगायला सुरुवात केली. मी लिहिला. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे कागदांवरून डोळे न उचलता म्हटलं, "वाचून दाखवा."

ठराव मंजूर होण्याआधी लघुलेखिकेने तो वाचून दाखवायचा, ही आमच्याकडची पद्धत. मी उभी राहिले. वाचायला मी नेहमीच उभी राहते.

"ज्या अर्थी शिपायाचे डोळे प्रार्थनेच्या वेळी उघडे होते असे इतिवृत्तावरून सिद्ध होते," मी वाचलं, "आणि ज्या अर्थी त्याने सभेसमोर खोटे निवेदन केले, त्या अर्थी त्यास आजपासून निलंबित करण्यात यावे."

ठराव इथे संपत होता. माझा आवाज थांबला नाही.

"ज्या अर्थी सहाव्या मिनिटाला दारात काय घडले हे इतिवृत्तात आले आहे, त्या अर्थी इतिवृत्त लिहिणारीचे डोळेही उघडे होते. शिपायाचे निवेदन मीच लिहून दिले होते. याचिका मी केली आहे."

अध्यक्षांनी मान वर केली. "बाई, हे कुणी सांगितलं तुम्हाला लिहायला?"

"कुणी नाही, साहेब. लिहिलेलं नाही. आता लिहिते."

आणि मी खाली बसून ते लिहिलं. वेळ टाकली, अकरा वाजून एकतीस मिनिटे. सगळे माझ्याकडे बघत होते, वखारवाले, बाकांवरची माणसं, धर्मगुरू, आणि उपाध्यक्ष, दोन्ही डोळ्यांनी. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. कुणीतरी बघावं असं मला कधीकाळी वाटलं असेल, तर ते वाटणं त्या मिनिटात कायमचं फिटलं.

मी पुस्तक कपाटात ठेवलं, चावी अध्यक्षांच्या समोर ठेवली आणि पर्स उचलली. कुणी अडवलं नाही. दाराशी मामा होते. ते रागावलेले होते.

"कशाला बाई?" ते पुटपुटले. "मी म्हातारा माणूस. माझं कसंही निभलं असतं."

"तुमच्या लेकीला सांगा, आता काचा फुटणार नाहीत," मी म्हटलं. आता त्या कुठे फुटणार, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

नगरपालिकेपासून आमचं घर चालत अठरा मिनिटांवर आहे. फुलवाल्याने मला नमस्कार केला, म्हणजे त्याला अजून कळलेलं नव्हतं. औषधाच्या दुकानातल्या बाईने मला पाहिलं आणि आत वळून कुणाला तरी काहीतरी सांगितलं, म्हणजे तिला कळलं होतं. चौकात दोन ओळखीचे गृहस्थ बोलत उभे होते ते मी जवळ येताच बोलायचे थांबले. मी पळाले नाही. पळाले असते तर माझ्या मागे पळायला लोकांना निमित्त मिळालं असतं असं मला वाटलं. प्रत्येक पावलाला पाठीवर काहीतरी येऊन आदळणार असं वाटत होतं, आणि काहीच आदळलं नाही, आणि त्यामुळे पुढचं पाऊल आणखी जड झालं.

घराचं दार उघडं होतं. नवरा भर दुपारी काम टाकून आला होता आणि मोजपट्टी घेऊन समोरच्या खिडकीशी उभा होता. वखारवाल्यांचा फोन येऊन गेला होता.

"मला का नाही सांगितलंस?" त्याने मागे न वळता विचारलं.

"तुमच्या पोटात राहिलं नसतं."

"नसतं राहिलं," तो म्हणाला. कानामागची पेन्सिल काढून त्याने भिंतीवर खूण केली. त्याचे कान लाल झाले होते. "आईला मागच्या खोलीत झोपवायचं. पलंग रस्त्याच्या भिंतीपासून लांब घ्यायचा. तुझी शहरातली बहीण आपल्याला किती दिवस ठेवून घेईल?"

"विचारलं नाही अजून."

"विचार."

सासूबाई खुर्चीत बसून होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पुढे कित्येक दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पण खिळ्यांचा डबा त्यांच्या मांडीवर होता आणि नवऱ्याने हात मागे केला की त्या एकेक खिळा त्याच्या तळहातावर ठेवत होत्या.

बाहेर शाळा सुटल्याचा गलका झाला, आणि मी भिंतीला चिकटले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. अंगणातून आणखी एक लांब फळी आत ओढून आणली आणि आतल्या बाजूने खिडकीवर आडवी टेकवली.

"ते टोक धर," तो म्हणाला. "हलू देऊ नकोस."

मी धरलं. फळी हलत होती, कारण माझे हात हलत होते, आणि तो तसाच ठोकत राहिला.